वीज गेल्यावर संगणक पुन्हा पुन्हा ‘ऑटोमॅटिक रिपेअर’मध्ये अडकतो: कमांड प्रॉम्प्टवरून निदान आणि दुरुस्ती

लक्षणे

वीज जाऊन आल्यानंतर, किंवा काही दिवस बंद ठेवलेला संगणक सुरू केल्यानंतर, पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह येते, त्याखाली ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ ही ओळ उमटते, मग ‘डायग्नोझिंग युअर पीसी’ येते आणि शेवटी दुरुस्ती होऊ शकली नाही असे सांगणारा निळा पडदा उभा राहतो. ‘रीस्टार्ट’ केले की हाच क्रम पहिल्यापासून सुरू होतो. काही वेळा निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असते, तर काही वेळा काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढेच. आणखी एक लक्षण बहुतेकांच्या नजरेतून सुटते: संगणक एखाद्या दिवशी आपोआप सुरू होतो, पण घड्याळ काही वर्षे मागची तारीख दाखवते आणि त्यामुळे बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे म्हणत उघडत नाही.

गोव्यातील डिचोली, साखळी आणि फोंडा परिसरातील पतसंस्था, शाळा आणि देवस्थान समित्यांच्या कार्यालयांतील संगणक दुरुस्त करण्याचे काम मी करतो. मृगाच्या पावसापासून चवथीची सुटी संपेपर्यंत येणाऱ्या तक्रारींत मोठा वाटा याच दोषाचा असतो. बहुतेक ठिकाणी आधी कोणीतरी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याचा काळा पडदा, उघडून दुरुस्तीच्या आज्ञा चालवून पाहिलेल्या असतात, संगणक काही दिवस चाललेलाही असतो आणि मग पुन्हा बंद पडलेला असतो. याचे कारण असे, की या आज्ञा बिघडलेल्या फाइली जागेवर आणतात. फाइली कशामुळे बिघडल्या हे त्या पाहत नाहीत. दोष परत परत येत असेल तर मूळ बहुधा वीज, घड्याळाचा सेल, केबल किंवा खुद्द डिस्क यांपैकी एकात असते, म्हणून पुढील तपासण्यांत डिस्कवर काहीही लिहिणारी आज्ञा मी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्यात आणि दोन शब्दांमधील रिकामी जागा तशीच ठेवावी.

सर्वांत आधी: कुलूप आहे का?

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशा यंत्रात बायोसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रणालीतील) एखादी मांडणी बदलली तरी पुढच्या वेळी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलपाची, ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ती किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाहता येते. पडद्यावर किल्लीचा जो ओळख क्रमांक दिसतो, त्याच्याशी जुळणारी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच पुढे जावे. खाते सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाचे असेल, तर त्या व्यक्तीला फोन करणे हीच त्या दिवसाची खरी दुरुस्ती. किल्लीशिवाय त्या डिस्कवरील मजकूर कोणीही, कितीही पैसे घेऊन, वाचून देऊ शकत नाही.

विनाखर्चाच्या तपासण्या

पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन असे जे जे यूएसबीला लावलेले असेल ते काढून घ्यावे आणि केवळ कळफलक व माउस ठेवून संगणक सुरू करावा. बूटचा क्रम, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क आधी पाहायची तो क्रम, बदललेला असेल तर यंत्र मागे विसरलेल्या पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसते. ही तपासणी पोरकट वाटते, पण दोष इथेच निघाला तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

त्यानंतर बायोस उघडून केवळ दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली, तिथे डिस्कचे नाव दिसते का. दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्टचा काही उपयोग नाही. यंत्राला डिस्कच सापडत नाही आणि दोष केबलमध्ये, जोडणीत किंवा डिस्कमध्ये आहे. दुसरी, तारीख आणि वेळ. तारीख भलतीच असेल तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला आहे.

या सेलविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. भिंतीवरचा पुरवठा चालू असतो तोपर्यंत संगणक बंद असला तरी मदरबोर्डला मंद प्रवाह मिळत राहतो आणि संपत आलेला सेलही निभावून जातो. कार्यालयात मात्र संध्याकाळी मुख्य खटका पाडून जाण्याची रीत आहे, आणि चवथीला तर तो चार-पाच दिवस पडलेला असतो. सेल संपला की घड्याळ मागे जातेच, शिवाय काही मदरबोर्डांवर बायोसच्या मांडण्याही कारखान्यातल्या स्थितीला परततात. डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली होती ती पद्धत बदलते, किंवा यूईएफआय या नव्या बूट पद्धतीऐवजी जुनी लागू होते, आणि विंडोज पूर्ण धडधाकट असूनही सुरू होत नाही. अशा वेळी दुरुस्तीच्या आज्ञा चालवणे निरर्थक असते, आणि बूटची मांडणी पुन्हा लिहिणारी आज्ञा चालवली तर धडधाकट विंडोजही बिघडू शकते. सेल शंभर रुपयांच्या आत येतो आणि घड्याळजीकडेही मिळतो. तो बदलून, तारीख लावून, डिस्कची पद्धत आणि बूटची पद्धत पूर्ववत केली की पुष्कळ संगणक तिथेच सुरू होतात.

वीज, केबल आणि दमट हवा

यूपीएस असणे आणि यूपीएस चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातील बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दम सोडते. हिरवा दिवा मात्र लागतच राहतो. संगणक बंद ठेवून त्या जागी एखादा जुन्या पद्धतीचा दिवा यूपीएसला लावावा, भिंतीवरचा खटका पाडावा आणि दिवा काही मिनिटे टिकतो का ते पाहावे. क्षणात विझला तर बॅटरी बदलल्याशिवाय पुढची कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही. एनटीएफएस ही फाइलप्रणाली आपल्या रचनेची नोंदवही ठेवते आणि अचानक वीज गेल्यावर ती रचना सावरून घेते, पण फाइलीच्या आत लिहिला जात असलेला मजकूर या नोंदवहीत नसतो. म्हणूनच फोल्डर जागेवर, फाइलीचे नावही जागेवर, आणि आतला मजकूर मात्र गेलेला, असे वीज गेल्यावर दिसते. ती फाइल विंडोजच्या गाभ्यातली निघाली की संगणक वर लिहिलेल्या फेऱ्यात अडकतो.

टेबलावरच्या संगणकाचे कॅबिनेट उघडणे अवघड नाही. वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरवावा आणि धातूच्या चौकटीला हात लावून मगच आत हात घालावा. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात राहते आणि किनाऱ्याकडे तिच्यात खारेपणाही असतो; रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकांवर त्याचा काळपट थर चढतो. रॅम काढून तिच्या पट्ट्या मऊ कोरड्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती परत बसवावी. डिस्कची साटा केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा लावावी. जुनी असेल तर सरळ नवी घालावी, कारण तिच्या किमतीत निदानाचा एक तासही येत नाही. लॅपटॉप मात्र घरी उघडू नये.

आत पाहताना मदरबोर्डवरचे एखादे कॅपॅसिटर डोक्याशी फुगलेले दिसले, जळकट वास आला किंवा पुरवठ्याच्या डब्यातून चर्र आवाज आला तर तिथेच थांबून यंत्र कारागिराकडे द्यावे.

कमांड प्रॉम्प्ट: आधी केवळ वाचणाऱ्या आज्ञा

निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडावे. निळा पडदाच येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर विंडोजच्या स्थापनेचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून सुरू करावे आणि ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ हा मार्ग घ्यावा. समोर जी ओळ येते तिच्या आरंभी ‘एक्स:’ असे असते. हा तात्पुरता, स्मृतीत उभा केलेला ड्राइव्ह आहे. तुमचे विंडोज त्यात नाही.

‘डिस्कपार्ट’ ही डिस्कच्या विभागांची आज्ञा टंकून आत ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्यावे आणि आकार व नावे पाहून विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते लिहून ठेवावे. विंडोजबाहेरच्या या दुरुस्तीच्या वातावरणात अक्षरे बदलतात. एरवी जो सी: असतो तो इथे पुष्कळदा डी: होतो, आणि सी: वर भलतेच काही असते. डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ‘डीर डी:’ द्यावे आणि ‘विंडोज’ व ‘युझर्स’ हे फोल्डर दिसतात का हे पाहावे. पुढच्या सर्व आज्ञांत डी: च्या जागी तुम्ही लिहून ठेवलेले अक्षर घालावे. डिस्कपार्टमध्ये असताना ‘क्लीन’ हा शब्द कधीही टंकू नये; ती आज्ञा कोणताही प्रश्न न विचारता निवडलेल्या डिस्कचे सर्व विभाग पुसून टाकते.

विंडोजने स्वतः केलेल्या दुरुस्तीची नोंद ‘विंडोज\सिस्टिम३२\लॉगफाइल्स\एसआरटी’ या फोल्डरात ‘एसआरटीट्रेल’ नावाच्या मजकूर फाइलीत असते. ‘नोटपॅड’ एवढेच टंकले की या काळ्या पडद्यावरही नोटपॅड उघडते आणि त्यातून ती वाचता येते. शेवटच्या ओळींत बहुतेकदा एखाद्या बिघडलेल्या फाइलीचे नाव किंवा अर्धवट राहिलेल्या अद्यतनाचा उल्लेख सापडतो, आणि पुढच्या आज्ञांपैकी कोणती लागणार हे त्यावरून कळते.

याच नोटपॅडचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. ‘फाइल’, ‘ओपन’ निवडून फाइलींचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ केला की ती चौकट चक्क फाइलींचा शोधक बनते. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘कॉपी’ आणि पेनड्राइव्हवर जाऊन ‘पेस्ट’ करता येते. प्रगतीची पट्टी दिसत नाही, त्यामुळे चौकट गोठल्यासारखी वाटते, धीर धरावा. फाइली पुष्कळ असतील तर ‘रोबोकॉपी’ ही नक्कल करणारी आज्ञा बरी, पण तिला ‘/आर:१ /डब्ल्यू:१’ अवश्य द्यावे. एरवी न वाचता येणाऱ्या एकाच फाइलीसाठी ती दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करते. आजारी डिस्कसाठी हा छळच होय. हिशेबाची, सभासदांची आणि पगाराची फाइल बाहेर निघेपर्यंत दुरुस्तीची कोणतीही आज्ञा देऊ नये, असा माझा नियम आहे आणि घाईत असलेल्या सचिवांनाही मी तो मोडू देत नाही.

डिस्कची प्रकृती पाहण्यासाठी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे संगणक डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच सुरू करून, ‘स्मार्टसीटीएल’ हे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद वाचणारे साधन चालवावे. फिरत्या डिस्कच्या तक्त्यात चार ओळी महत्त्वाच्या आहेत. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने निकामी ठरवून बदललेले सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले, आणि १९९ म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेली माहिती. १९७ किंवा १९८ समोर शून्याहून मोठा आकडा असेल तर डिस्क बदलावी लागणार हे धरून चालावे. १९९ चा आकडा मात्र बऱ्याचदा डिस्कचा नसून केबलचा असतो. तो पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून तो आज लिहून ठेवावा आणि नव्या केबलनंतर वाढतो का हे आठवड्याने पाहावे. केवळ ही ओळ न वाचल्यामुळे चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एनव्हीएमई प्रकारच्या, फिरते भाग नसलेल्या डिस्कचा तक्ता वेगळा असतो. त्यात ‘क्रिटिकल वॉर्निंग’ आणि ‘मीडिया एरर्स’ या दोन ओळी पाहाव्यात.

लिहिणाऱ्या आज्ञा, त्यांच्या क्रमाने

पहिली ‘चेकडिस्क’, ती सी-एच-के-डी-एस-के अशी स्वरांशिवाय टंकावी लागते. आरंभी कोणतीही जोड न देता, केवळ ड्राइव्हचे अक्षर देऊन चालवावी. तेव्हा ती फक्त वाचते. दोष दाखवले तर ‘/एफ’ जोडावे. हे आधी करण्याचे कारण असे, की फाइलप्रणालीच विस्कटलेली असेल तर तिच्यावर नव्याने लिहिलेल्या फाइलींचाही भरवसा नसतो. ‘/आर’ ही जोड डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावते, मोठ्या फिरत्या डिस्कवर कित्येक तास घेते आणि कुरकुरणाऱ्या डिस्कला शेवटच्या घरघरीपर्यंत नेऊ शकते. १९७ किंवा १९८ समोर आकडा असेल तर ‘/आर’ देऊ नये. ‘/एफ’ किंवा ‘/आर’ चालू असताना वीज जाणे परवडणारे नाही, म्हणून चालणारा यूपीएस आधी हवा.

वीज गेली तेव्हा विंडोजचे अद्यतन चालू होते असे कळले, किंवा एसआरटीट्रेलमध्ये तसा उल्लेख सापडला, तर ‘डिझम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स’ ही आज्ञा द्यावी (डिझम हे डी-आय-एस-एम असे टंकावे). ती अर्धवट राहिलेले बदल मागे घेते. पावसाळ्यातल्या कित्येक संगणकांना एवढीच आज्ञा पुरते, आणि तरीही ती फारशी कोणी वापरत नाही.

पुढे ‘एसएफसी’. चालू विंडोजमध्ये ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ पुरते, पण दुरुस्तीच्या वातावरणात तेवढेच दिले तर आधीची एक दुरुस्ती शिल्लक आहे, संगणक पुन्हा सुरू करा, असा दिशाभूल करणारा निरोप येतो आणि लोक त्यातच फिरत राहतात. इथे ‘एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीर=डी:\ /ऑफविनडीर=डी:\विंडोज’ असे पूर्ण टंकावे. एसएफसी बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली प्रत विंडोजच्याच कोठारातून आणून ठेवते. कोठारातली प्रतही बिघडलेली असेल तर काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे ती सांगते. मग आधी कोठार दुरुस्त करावे लागते. ते काम ‘डिझम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ करते. दुरुस्तीच्या वातावरणात तिला ‘/सोर्स’ जोडून त्याच आवृत्तीच्या स्थापना पेनड्राइव्हचा पत्ता, आणि ‘/स्क्रॅचडीर’ जोडून डी: वरील एखादा रिकामा फोल्डर द्यावा, एक्स: वर तिला काम करण्याइतकी जागा नसते. टक्केवारी मध्येच एखाद्या आकड्यावर बराच वेळ थांबते, पण तेवढ्यावरून यंत्र बंद करू नये. डिझम संपल्यावर एसएफसी पुन्हा चालवावी.

फाइली ठीक आहेत, तरीही ‘नो बूटेबल डिव्हाइस’ जात नाही, अशा वेळीच बूटच्या विभागाला हात लावावा. ‘बूटरेक /फिक्सबूट’ हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय यूईएफआय यंत्रांवर बऱ्याचदा प्रवेश नाकारला असे म्हणून परततो. त्याऐवजी डिस्कपार्टमध्ये सुमारे १०० ते २६० एमबीचा, फॅट३२ फाइलप्रणाली असलेला बूटचा विभाग निवडून ‘असाइन लेटर=एस’ द्यावे, बाहेर यावे आणि ‘बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवावे. बूटच्या फाइली नव्याने तयार होतात. निवडलेला विभाग नेमका तोच आहे का, हे आकार आणि प्रकार या दोहोंनी पडताळल्याशिवाय हे करू नये.

वीज गेलेली नसताना कार्यालयातील बरेच संगणक एकाच सकाळी या फेऱ्यात अडकले, तर वरील सर्व तपासण्या बाजूला ठेवाव्यात. दोष बहुधा बाहेरून आलेल्या अद्यतनात असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच बंद पडले, आणि उपाय होता सेफ मोडमध्ये (मोजक्याच भागांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) किंवा याच कमांड प्रॉम्प्टवर जाऊन ती एक फाइल पुसणे. त्यानंतर २०२५ मध्ये विंडोज ११ ला ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सोय मिळाली; तिच्यात दुरुस्तीचे वातावरण स्वतः इंटरनेटला जोडून घेऊन विंडोज अपडेटवरून उपाय आणते. सोय चांगली आहे, पण गंजलेली केबल किंवा संपलेला सेल तिच्या आवाक्यातला नाही.

आपोआप चालणारी बॅच फाइल

एकापेक्षा जास्त संगणक सांभाळायचे असतील तर यांतल्या केवळ वाचणाऱ्या आज्ञा बॅच फाइलीत, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत, घालून पेनड्राइव्हवर ठेवाव्यात आणि प्रत्येकीचे उत्तर ‘>>’ या चिन्हाने त्याच पेनड्राइव्हवरील मजकूर फाइलीत साठवावे. माझ्या बॅच फाइलीत विभागांची यादी, जोड नसलेली चेकडिस्क आणि एसआरटीट्रेलची नक्कल एवढेच आहे. चेकडिस्क संपताना जो निकालाचा अंक देते तोही नोंदवावा. शून्य म्हणजे दोष सापडला नाही. ‘/एफ’, रिस्टोअरहेल्थ आणि बीसीडीबूट यांना मी तिच्यात जागा दिलेली नाही. ड्राइव्हचे अक्षर प्रत्येक यंत्रावर वेगळे निघते, आणि चुकीच्या अक्षरावर आपोआप चाललेली लिहिणारी आज्ञा परत घेता येत नाही.

कुठे थांबावे

डिस्कमधून ठरावीक लयीत टक्‌टक्‌ आवाज येत असेल, डिस्क बायोसमध्ये कधी दिसते कधी दिसत नाही असे होत असेल, किंवा १९७ चा आकडा दर वेळी वाढत असेल आणि फाइलींची दुसरी प्रत नसेल, तर यंत्र त्या क्षणी बंद करावे आणि माहिती पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावे. प्रत्येक नवा प्रयत्न वाचण्याजोगा भाग कमी करतो. इथेच उघडून पाहतो, असे म्हणणाऱ्याच्या हाती फिरती डिस्क देऊ नये. धूळविरहित खोलीशिवाय ती उघडणे म्हणजे माहितीवर पाणी सोडणे. कारागीर आधी डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून मग प्रतिमेवर काम करणार आहे का, हे विचारून घ्यावे.

‘रिसेट धिस पीसी’ हा पर्यायही मी व्यावसायिकावर सोडावा असे म्हणेन. फाइली ठेवण्याचा पर्याय निवडला तर तो त्या ठेवतो, पण बसवलेली सॉफ्टवेअर काढून टाकतो. आपल्याकडील जुन्या कार्यालयांत हिशेबाचे पॅकेज आणि मराठी टंकलेखनाचे, डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारे जुने सॉफ्टवेअर असते. त्याची स्थापनेची सीडी सापडत नाही आणि विकणाऱ्याने दुकान बंद केलेले असते. त्यासोबतची फॉन्टमाला गेली की वीस वर्षांच्या इतिवृत्तांच्या जागी पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.

यंत्र कारागिराकडे देताना सोबत एक कागद द्यावा: वीज कधी गेली होती, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने दिल्या, स्मार्टसीटीएलच्या चार ओळींतील आकडे कोणते होते आणि बिटलॉकर आहे की नाही. किल्लीचे ४८ अंक त्या कागदावर लिहू नयेत; ते लागतील तेव्हा स्वतः टंकावेत.